ओट्याची उंची

रोसामेल ओयार्सो पडकी घरं विकत घ्यायचा, आतून नवी करायचा आणि विकून टाकायचा. चिलीतल्या पुएर्तो वारास गावाच्या चढावरची बरीच घरं त्याच्या हाताखालून गेली होती. त्या प्रत्येकात त्याची बायको नोल्बेर्ता राहिली होती, काम पुरं होईपर्यंत. शेवटच्या कपाटाला मूठ बसली की ती भांडी वर्तमानपत्रात गुंडाळायला घ्यायची.

सुतार म्हणून तो नावाजलेला. त्याची मतं पक्की होती. "भिंतीतलं कपाट घर विकतं," तो म्हणायचा. "जिन्याचा कठडा विकतो. खिडकीखाली बाक केला, की सान्तियागोहून आलेली बाई त्यावर बसते, तळ्याकडे बघते आणि नवऱ्याला म्हणते, हेच घेऊ."

"आणि माझा ओटा?"

"ओटा सगळ्यांना चालेल असा हवा."

त्या सगळ्यांत नोल्बेर्ता बसत नव्हती. तो करायचा तो लाकडी, पायांवर उभा ओटा तिच्या छातीला लागायचा. ती सफरचंदाच्या खोक्यावर उभी राहून पावाची कणीक मळायची, मग उतरून खोकं पायाने ढकलत चुलीपाशी न्यायची आणि परत चढायची. एका हिवाळ्यात खोकं निसटलं आणि तिचं मनगट मोडलं. रोसामेल कळवळला. दवाखान्यात केक घेऊन गेला आणि घरी येऊन खोक्याच्या कडा तासून गोल केल्या.

प्लास्टर निघालं त्या आठवड्यात तो लाकूड आणायला ओसोर्नोला गेला. नोल्बेर्ताने शेजारच्या सुनिल्दाला गाडीचा जॅक घेऊन बोलावलं.

"त्याला विचारलंस का?" सुनिल्दाने जॅक लावता लावता विचारलं.

"पाय ओट्याचे आहेत, त्याचे नाहीत."

जॅकवर ओटा उचलला गेला आणि नोल्बेर्ताने एकेक पाय वीतभर कापला.

संध्याकाळी रोसामेल आला.  त्याने ओट्यावर पातळी बघायची पाणसळ ठेवली.

"डावीकडे उतार आहे."

"माहितीये. पाचर मारायची राहिलीये."

"शनिवारी गिऱ्हाईक येणार आहे, म्हातारे!"

"येऊ दे. तू जेवायला बस."

शनिवारी सान्तियागोचं जोडपं आलं. दोघंही ताडमाड उंच. कपाटांवरून हात फिरवून झाले, बाई बाकावर बसली, तळं बघून झालं. स्वयंपाकघरात येताच रोसामेल घाईने म्हणाला, "ओटा जरा खाली गेलाय, पण मी पुन्हा वर करून देईन."

"नका हो त्रास घेऊ," बाई म्हणाली. "स्वयंपाकघर आम्ही सगळंच काढून टाकणार आहोत. दुसऱ्याने केलेलं तसंच वापरतं का कोणी?"

सौदा ठरला. ती दोघं गेल्यावर रोसामेल तिथेच बसून राहिला.

"माझा ओटा कोणीच ठेवत नसेल का गं?"

"मला काय विचारतोस? विकतोस तू."

दुसऱ्या दिवशी तो आपण विकलेली जुनी घरं बघून आला. दारं फुगली का बघायला आलो, असं सांगून आत शिरला. तो परत आल्यावर नोल्बेर्ताने 'माते' नावाच्या कडू चहाचा पेला पुढे केला. त्याने तो हातात धरला, प्यायला नाही.

"एकाही घरात माझा ओटा नाही. कपाटं आहेत, कठडे आहेत. व्हेरांना विकलेल्या घरी ओटा परसात टाकलाय. त्यावर कोंबड्या बसतात."

"त्यांना उंची बरोबर पडते का?"

रोसामेल हसला नाही. ती मात्र हसली, आणि मग डोळे पुसायला आत निघून गेली.

पुढचं घर फ्रुतियारच्या वाटेवर मिळालं. सामान गाडीतच असताना त्याने तिला रिकाम्या स्वयंपाकघरात बोलावलं.

"सरळ उभी राहा. कोपर वाकव."

"चपला काढू?"

"रांधतेस कशात?"

"चपलांत."

"मग राहू दे."

तिच्या कोपराच्या जरा खाली त्याने भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारली. नोल्बेर्ताने ती अंगठ्याने पुसली, पेन्सिल घेतली आणि एक बोट आणखी खाली मारली. त्याने त्याच रेघेपर्यंत माप घेतलं.

त्या घरात ओटा सगळ्यात आधी झाला. कपाटं मागे राहिली, कपडे वसंत येईपर्यंत पेट्यांतच होते.