कोनाड्यातली कपबशी

मदारसाब जमादार गेल्याची बातमी तुम्ही पेपरात वाचली असेल. दरोडेखोरांशी झुंज, कर्तव्य बजावताना वीरमरण, गावावर शोककळा... चार ओळी होत्या. आम्हाला ती बातमी कुणी आणून द्यावी लागली नाही. ती आमच्या दारातच घडली, आणि दार आतून बंद होतं.

दुबलगुंडीपासून दोन कोसांवर आमचं गाव. जमादार इथल्या चौकीवर आला तो निजामाच्या अमदानीत. उंच, काटक, मिशीला मेंदी. बांधावरून जुंपली की कानडीत शिव्या द्यायचा, मराठीत समजूत घालायचा आणि दखनीत थट्टा करून दोघांनाही हसवून सोडायचा. रोज सकाळी चहाला आमच्या ओसरीवर टेकायचा, मला 'अण्णा' म्हणायचा. त्याची कपबशी ओसरीच्या कोनाड्यात वेगळी ठेवलेली असे, निळ्या फुलांची. चहा झाला की स्वतः विसळून तिथंच पालथी घालायचा. आमचं लिंगायताचं घर. आमच्या संतांच्या वचनांत सगळे सारखे, कोनाड्यात मात्र वेगळे. इतक्या वर्षांत त्यानं उंबरा ओलांडला नाही, आणि आम्ही कधी 'आत या' म्हटलं नाही. त्यात काही वावगं आहे, हे मला आता लिहिताना सुचतंय.

निजामाचं राज्य गेलं त्या पोलिस ॲक्शननंतरच्या हिवाळ्यात मुलखाला कुणी धनी उरला नाही. कोण कुणाला लुटतंय याचा धरबंध नव्हता. त्याच्या जातभाईंवर काय गुदरलं ते इथं सगळ्यांना ठाऊक आहे, बोलत कुणी नाही. त्यानं कालच्या सरकारची टोपी उतरवून आजच्या सरकारची घातली आणि तो घरोघर सांगत फिरू लागला, "दिवा लागला की कडी घाला. मग माझ्या नावानं बी कोनी हाक मारली तरी दार उघडू नका. मारनारा माझा आवाज काढंल."

माझ्या आईनं विचारलं, "आन् खरंच तुमी असलाव तर?"

तो हसला. "तर म्या मरतो की, माय. तुमी कामून मरायलाव?"

पुढं चार वर्षांत सगळं निवळलं. गाव दारं उघडी टाकून जेवायला लागलं. तो नियम कुणाच्या ध्यानीमनीही नव्हता... दीड महिन्यापूर्वीच्या त्या दिवसापर्यंत.

बाजारचा दिवस होता. हुमनाबादहून परतणाऱ्या गाड्या कुणीतरी अडवल्याचं कळलं आणि जमादार एकटाच धावला. जोडीदार शिपाई तापानं चौकीत पडला होता. गाड्या सुटल्या, माणसं वाचली. जमादार मात्र खांद्यावर कुऱ्हाडीचा घाव घेऊन दिवेलागणीला गावात शिरला, मागं तिघं. आरडाओरडा ऐकून गावानं पटापट कड्या घातल्या होत्या. त्यानं तीन दारं वाजवली. चौथं आमचं.

"अण्णा, म्या मदार हाय. दार उघडा."

माझा हात कडीवर होता. आई मागून म्हणाली, "उघडू नगंस. त्येनंच सांगितलंय."

मी थांबलो. आज अख्खं गाव हेच सांगतं, त्यानंच सांगितलं होतं. बरी आठवण राहिली! चौकीवर आमच्यातला एखादा गुंडप्पा जमादार असता तर आईला तो नियम आठवला असता का? आणि मी तिचं ऐकलं असतं का? मला नाही वाटत. बाहेरून आणखी एक हाक आली, नुसतं "माय..." मग काही नाही.

दुसऱ्या दिवशी मोठे साहेब आले. बंदुकांची सलामी झाली. "सारं गाव जमादाराच्या पाठीशी उभं राहिलं," असं त्यांनी भाषणात सांगितलं. त्यांना कुणी खरं सांगितलं नाही. टाळ्या पडल्या, त्यात माझ्याही होत्या.

चाळिसावा झाल्यावर त्याची आई कमठाण्याहून आली. ओसरीवर बसली, पाणी मागितलं. मी आतून तांब्या आणला, तोवर तिचं लक्ष कोनाड्याकडं गेलं होतं.

"मेरे मदार की कप यहीच क्या? बोलता था, अण्णा के घर में मेरे वास्ते अलग रखे हैं." केवढ्या कौतुकानं म्हणाली ती! त्यानं तिला एवढंच सांगितलं होतं. पाणी ती त्याच कपातून प्यायली. मग माझ्याकडं न बघता विचारलं, "आवाज नै पहचाने क्या, बेटा?"

"न्हाई, अम्मा. वळखू आला न्हाई."

तिनं मान हलवली. कप विसळला, कोनाड्यात पालथा घातला आणि गेली.

मी खोटं बोललो. आवाज मी पहिल्याच हाकेला ओळखला होता. तिला मराठी वाचता येत नाही; कुणीतरी हे तिला वाचून दाखवावं, म्हणून लिहिलं.

परवा मी ती कपबशी उचलली. आत नेऊन आमच्या भांड्यांत ठेवायची, असं ठरवून उंबऱ्यापर्यंत आलो. आई चुलीपाशी होती. तिनं माझ्या हातातल्या कपबशीकडं बघितलं... मी मागं फिरलो आणि कपबशी पुन्हा कोनाड्यात पालथी घातली.