आधी हाक, मग हात

मार्थाबाई कुणालाही पाठीमागून हात लावत नसत. समोर यायचं, नावानं हाक मारायची, मगच हात पुढं करायचा. श्रीगोंद्याजवळच्या एका साखर कारखान्याच्या आवारात ऊसतोड मजुरांच्या पोरांसाठी बालवाडी होती, तिथल्या त्या बाई. नव्वदीच्या दशकात मी तिथं मदतनीस म्हणून लागले. "आधी हाक, मग हात," असं त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं. मला वाटलं, काय बाई हे नखरे!

नखरे नव्हते ते. कुणी केस सारखे करायला हात वर केला तरी त्यांची मान आपोआप खाली जायची. पन्नाशीची बाई, पण ताट पडलं की अंग चोरायची. लहानपणी बाप दारू पिऊन मारायचा. "बाप कवाच मातीत गेला. माझ्या अंगाला मात्र अजून कुनी सांगितलं न्हाई," असं त्या हसत म्हणायच्या. ते हसणं मला बघवत नसे.

एका हंगामात पाथर्डीकडच्या टोळीतली मंगल आली. असेल चारेक वर्षांची. ती रडायचीच नाही. अंगणात पडून गुडघा फुटला तरी गुपचूप उठली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. मी कौतुकानं म्हटलं, "किती गुणाची पोर!"

मार्थाबाई एकदम चिडल्या. "गुणाची कसली गं! तान्ही हुती तवा हिला उसाच्या पाचटाच्या खोपटात टाकून आईबाप उसात जायचे. करनार काय बिचारे? ही रडून रडून दमली, कुनी आलंच न्हाई. मग कशाला रडंल?"

नगरहून मुलांचे डॉक्टर तपासणीला यायचे. त्यांनीही तेच सांगितलं. पोर सतत भीतीत किंवा एकटं वाढलं की मेंदूतला भावना सांभाळणारा भाग तसाच घडत जातो. मग साध्या आवाजानंही ते दचकतं, नाहीतर पार थिजून जातं.

"मग हे बदलतं का?" बाईंनी विचारलं. मंगलबरोबर स्वतःसाठीही विचारलं, ते मला कळलं.

"मायेनं बरंच बदलतं. पण वेळ लागतो."

"वेळच तर न्हाई," बाई पुटपुटल्या. कारखान्याचा पट्टा पडायला आला होता, म्हणजे हंगाम संपून टोळ्या परतणार होत्या.

त्या दिवसापासून मंगलला साधी ठेच लागली तरी बाई हातातलं काम टाकून धावायच्या. "आले गं मंगल, आले!" पोर नुसती बघत राहायची. पुढं पुढं तिचा ओठ थरथरू लागला. एकदा तिनं बाईंचा पदर धरला, तर बाई जेवायचंसुद्धा विसरल्या.

पट्टा पडला. टोळीचा ट्रक हलला आणि मंगलनं भोकाड पसरलं. "बाई! बाई!" तिची आई ओशाळली. "कवा रडत न्हाई वो ही. आज काय झालंया कुनास ठाऊक."

"आले गं मंगल, आले!" म्हणत मार्थाबाई धावल्या. ट्रक फाट्यावरून वळला. रडणं बराच वेळ ऐकू येत होतं.

"रडलं की कुनीतरी येतं, एवढंच शिकवलं मी तिला," बाई म्हणाल्या. "आन् आज मलाच जाता आलं न्हाई."

पुढच्या हंगामात ती टोळी दुसऱ्याच कारखान्यावर गेली. मंगल पुन्हा दिसली नाही. बाई मात्र प्रत्येक नव्या टोळीत तिला शोधायच्या.

काही वर्षांनी बाई आजारानं गेल्या. शवपेटी बंद करण्याआधी त्यांच्या कपाळावरचे केस मागं घ्यायचे होते. बायका म्हणाल्या, तू घे. मी समोर जाऊन उभी राहिले. "मार्थाबाई, मी आले," म्हटलं, आणि मग हात लावला.