कमलबाईंनी त्या सकाळी खाल्लं, ते बरोबरच केलं

नवरा गेला त्याच सकाळी कमलबाईंनी माझ्या दुकानात बसून दोन सँडविचं खाल्ली.

त्यांच्या गावात काही जणांना त्यांच्याबद्दल एवढंच माहीत होतं.

आज पहाटे कमलबाई गेल्या. म्हणून बाकीचं मी सांगते.

ऐंशी-एक्याऐंशीची गोष्ट. नागपूरला धंतोलीत आमचं छोटंसं सँडविचचं दुकान होतं. मी आणि आमचे हे, दोघंच. दोन बाकडी, गॅसवर धरायचे तीन टोस्टर, आणि हिरवी चटणी मी घरून वाटून आणायची.

आजूबाजूला सगळे दवाखाने. त्यामुळे गिऱ्हाईक म्हणजे बहुतेक पेशंटचे नातेवाईक.

मुलगी झाली म्हणून पेढ्यांऐवजी अख्ख्या वॉर्डाला सँडविच वाटणारा एक बाप आठवतो. ऑर्डर द्यायची, आणि न खाताच उठून परत आयसीयूकडे पळायचं, असेही कितीतरी.

कमलबाई वणीकडच्या. नवऱ्याची गावात पिठाची चक्की. त्याला कावीळ झाली, ती अंगात भिनली, म्हणून नागपूरला आणलेलं. सोबत धाकटा दीर, आणि कडेवर चार महिन्यांचा मुलगा.

पहिल्या दिवशी त्यांनी सँडविच उघडून आत काय काय आहे ते नीट बघितलं. बटाटा, काकडी, बीट.

खाऊन झाल्यावर म्हणाल्या, "पोळीत गुंडाळून देल्लं असतं त एवढा खटाटोप काहून करा लागला असता?"

मी हसले. त्याही हसल्या. मग रोज दुपारी यायला लागल्या.

त्या खायच्या तेवढा वेळ बाळ माझ्याकडे. माझी मुलगी तेव्हा वर्षाची, सक्करदऱ्याला घरी सासूबाईंपाशी असायची. त्यामुळे दुपारी मांडीवर बाळ आलं की मलाही बरं वाटायचं.

नवऱ्याचं विचारलं की म्हणायच्या, डॉक्टर बघून राहिले. बस, एवढंच.

एक दिवस त्या सकाळीच आल्या. मी नुकतं शटर उघडलं होतं. मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह म्हणून फिरणारी दोन मुलं तेवढी बसलेली.

"दोन दे वं ताई," म्हणाल्या.

मला वाटलं, एक दिरासाठी असेल.

पण त्या बाळाला मांडीवर घेऊन बाकड्यावर बसल्या आणि खायला लागल्या. खाली मान घालून, नीट चावून, मध्ये मध्ये पाणी पीत. पहिलं संपवलं. दुसरं घेतलं.

मी विचारलं, "भाऊ कसे आहेत?"

"गेले. सहा वाजता."

मी हातातला टोस्टर खाली ठेवला. त्याच पुढे बोलल्या, अगदी हळू.

"भाऊजी गाडी पाहून राहिले. गावाले पोचायले सांज होईन. तिथं मले कोणी घास देणार नाही, अन् मले मागताही येणार नाही. कालपासून दूधच उतरून नाही राहिलं, ताई. हे लेकरू काय पिईन?"

डोळ्यांत पाणी नव्हतं. घास गिळताना मात्र खूप त्रास होत होता. ते दिसत होतं.

तेवढ्यात दीर आला. गाडी मिळाली म्हणून सांगायला आला होता बिचारा. वहिनीच्या हातात सँडविच पाहून दारातच थांबला.

"वहिनी, दादा तिथं पडून हाये. अन् तुम्ही..."

कमलबाईंनी उरलेलं सँडविच प्लेटमध्ये ठेवून दिलं. ती दोन मुलंही खायची थांबली.

गिऱ्हाइकांशी बोलायचं काम आमच्या ह्यांचं. मी कधी कोणाच्या घरच्या गोष्टीत पडले नव्हते. पण त्या दिवशी काउंटरमागून बाहेर आले.

म्हटलं, "दादा, त्यांना बाळाला पाजायचंय. खाऊ द्या."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग बाळाकडे. मग बाकड्यावर बसला आणि गळ्यातल्या दुपट्ट्यात तोंड लपवून रडला. भाऊ गेल्यापासून पहिल्यांदाच रडला असावा.

थोड्या वेळाने त्याने डोळे पुसले आणि हात पुढे केले.

"द्या त्याले माह्यापाशी. तुम्ही खाऊन घ्या."

कमलबाईंनी प्लेट पुन्हा उचलली. तो बाळाला घेऊन बाहेर उभा राहिला, त्यांचं होईपर्यंत.

आम्ही चार सँडविचं कागदात बांधून दिली. ह्यांनी गाडीपर्यंत नेऊन दिली.

दोन वर्षांनी कमलबाई पुन्हा दुकानात आल्या. मुलगा चालत होता. चक्की आता त्याच चालवत होत्या.

ही गोष्ट गावात पोचली होती. दवाखान्यात शेजारच्या खाटेवर त्यांच्याच भागातला पेशंट होता, त्याच्या माणसांनी रस्त्यावरून जाताना बघितलं होतं. बायका तोंडावर बोलायच्या. नवऱ्याचं प्रेत असताना हिला भूक लागली.

मी विचारलं, आणि दीर?

तर म्हणाल्या, तो साऱ्यायले सांगते का मीच खाऊ घातलं.

हे सांगताना मात्र त्या रडल्या.

नंतर नागपूरला आल्या की भेटून जायच्या. दुकान बंद झालं, तिथे पॅथॉलॉजी लॅब आली, तरी घरी यायच्या. चक्कीवरचं पीठ घेऊन.

आज मुलाचा फोन आला. तो आता चाळिशीच्या पुढचा. त्याच्याकडून एक गोष्ट मला पहिल्यांदाच कळली.

गावात कोणाकडे मयत झालं की कमलबाई डबा घेऊन जायच्या. घरातली अंगावर पाजणारी, गरोदर, लहान पोरं, सगळ्यांना मागच्या खोलीत बसवायच्या आणि स्वतः दाराशी उभ्या राहून जेवू घालायच्या. आधी लोक नाराज व्हायचे. पुढे पुढे कमलबाई कुठे आहेत म्हणून घरचेच विचारायला लागले.

माझ्याजवळ त्या हे कधी बोलल्या नाहीत.

कमलबाई, तुम्हाला माझा मनापासून नमस्कार.

शांतपणे जा.