झोपवायचंय

कोंडीराम जिथे सव्वीस वर्षं लेथ मशीनवर उभा राहिला, तिथेच आता तो लोकांची कुत्री फिरवायचा. अगदी त्याच जागी. हडपसरचा तो कारखाना बंद पडला, कामगारांवर स्वेच्छानिवृत्ती नावाची सक्ती झाली, शेडी पाडल्या आणि तिथे बारा-बारा मजल्यांचे सहा टॉवर उभे राहिले. बी टॉवरखाली जिथे मुलांची घसरगुंडी आहे, तिथे त्याचं मशीन होतं. हे त्याने एकदा सोसायटीच्या सेक्रेटरींना मोठ्या कौतुकाने सांगितलं. सेक्रेटरी सदाशिव पेठेतून तिथे राहायला आलेले. ते म्हणाले, “असं का? मग निदान तिथे तरी कुत्र्याला बसवत जाऊ नका.”

कोंडीराम आधी तिथे माळी म्हणून लागला होता. एक दिवस नवव्या मजल्यावरच्या अनिरुद्ध आणि सोनालीचा कुत्रा पट्टा सोडवून गेटबाहेर पळाला. कोंडीरामने सोलापूर रस्त्याच्या गर्दीत घुसून त्याला उचलून आणला. तेव्हापासून तो कुत्रा त्याच्या गळ्यात पडला, म्हणजे खरोखरच पडला. पुढचे दोन पाय खांद्यावर टाकून तोंड चाटायची त्याची रीतच होती. नवरा-बायको दोघंही कॉम्प्युटर कंपनीत. सकाळी आठला बाहेर पडले की परत यायची वेळ देवाला ठाऊक. मग सकाळ-संध्याकाळ फिरवणं, खायला घालणं, आंघोळ, सगळं कोंडीरामकडे आलं. घराची एक किल्लीही आली.

कुत्रा लॅब्रेडोर, तुपाच्या रंगाचा. नाव ऑस्कर. कोंडीरामच्या जिभेला ते काही झेपेना. दोन दिवस हस्कर, फस्कर करून बघितलं आणि तिसऱ्या दिवशी त्याने त्याचा भास्कर केला. लाडात आला की भास्करराव. कुत्र्याची काहीच हरकत नव्हती. सोनालीला गंमत वाटली, ती पण कधीकधी भास्कर म्हणायची. घरी गोदाबाई मात्र नवऱ्याला चिडवायची, “आलात का भास्कररावांची चाकरी करून?”

चाकरी म्हणा काहीही म्हणा, माणूस शिकला. गोचीड ओढून काढताना मुंडकं कातडीत राहू द्यायचं नाही. एप्रिल-मे महिन्यात बाहेर नेण्याआधी फरशीला हाताची पालथी बाजू लावून बघायची. आपल्याला चटका बसला तर त्याच्या पायालाही बसतो. कांदा द्यायचा नाही, चॉकलेट तर मुळीच नाही. अनिरुद्धला ही माहिती इंटरनेटवरून मिळायची आणि कोंडीरामला कुत्र्याकडून. दोघांचं बहुतेक जुळायचं. कोंडीरामच्या डब्यातली एक चपाती रोज भास्करची असायची, आणि हे इंटरनेटला विचारलेलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी भास्करच्या तोंडाला घाण वास यायला लागला. डॉक्टर म्हणाले, दातांवर कीटण चढलंय, झोपवून साफ करावं लागेल. तेव्हा दवाखान्यात कोंडीरामच घेऊन गेला होता. आदल्या रात्रीपासून खायला द्यायचं नाही, सकाळी पाणीसुद्धा नाही, नाहीतर गुंगीत उलटी होऊन श्वासात अडकते, असं डॉक्टरांनी त्याला नीट बजावलं होतं. इंजेक्शन दिलं, भास्कर झोपला, कोंडीराम बाहेर बाकावर बसला, आणि दोन तासांनी भास्कर झोकांड्या खात बाहेर आला. त्या दिवसापासून कोंडीराम या विषयातला जाणकार झाला. सोसायटीतल्या मोलकरणींना आणि ड्रायव्हरांना तो सांगायचा, “झोपवायचं म्हनजे पोट रिकामं पायजे. ध्यानात ठिवा.”

आता भास्कर बारा वर्षांचा झाला होता. मागचे पाय लुळे पडत चालले होते. लिफ्टपर्यंत न्यायचं तर कोंडीराम त्याच्या पोटाखालून जुना टॉवेल घालायचा आणि दोन्ही टोकं वर धरून त्याला चालवायचा. लोक बघायचे. बघू देत. पोटाला लिंबाएवढी एक गाठही आली होती, तीही पहिल्यांदा कोंडीरामच्याच हाताला लागली आणि त्याने साहेबांना दाखवली. अनिरुद्ध म्हणाला, “बघू काका, डॉक्टरांशी बोलतो.”

आणि मग कॅनडा आला. अनिरुद्धच्या कंपनीने त्याला तिकडे पाठवायचं ठरवलं, सोनालीलाही तिकडेच काम मिळालं, फ्लॅट भाड्याने द्यायचं नक्की झालं. घरात खोकी दिसायला लागली. विमानाचा एवढा प्रवास भास्करला सोसणार नाही, हे डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. भास्कर एकेक खोकं हुंगून बघायचा आणि थकून तिथेच टेकायचा. कोंडीरामने एकदा धीर करून विचारलं, “ताई, याचं काय?” सोनाली दुसरीकडे बघत म्हणाली, “करू काहीतरी सोय.”

आता खरं सांगायचं तर सोय कोंडीरामच्या मनात तयार होती. त्याला भास्कर हवा होता. पण मागायचा कसा? माणसाला भीड म्हणून एक असते, आणि कोंडीरामला ती जरा जास्तच होती. एवढं उंची जातीचं जनावर. आपण तोंड उघडलं तर साहेबांना वाटायचं, टपूनच बसला होता. शिवाय त्याची खोली भाड्याची. मालक संभाजी गावठाणातला, कुत्र्या-मांजरांचं नाव काढलं की अंगावर यायचा. कोंडीराम त्याच्याकडे चार वेळा गेला. चौथ्या वेळी संभाजी वैतागून म्हणाला, “मागच्या पत्र्याच्या शेडमधी ठिव. पन भुकला तर दोघंबी भाईर.” कोंडीराम म्हणाला, “त्यो भुकत न्हाई आता. म्हातारा झालाय.” गोदाबाईने तोंड वाकडं केलं, पण दुसऱ्या दिवशी शेड झाडून घेतली आणि दोन पोती धुऊन वाळत घातली.

उरलं फक्त विचारायचं. आज विचारू, उद्या विचारू करत आठवडा गेला.

बुधवारी संध्याकाळी अनिरुद्धच म्हणाला, “काका, उद्या अकराला ऑस्करला दवाखान्यात न्यायचंय. आम्हाला दोघांना नाही जमणार. त्याला... झोपवायचंय.” त्याचा आवाज बसला होता. कोंडीरामला वाटलं, सर्दी झाली असेल. अनिरुद्धने सही केलेल्या इंग्रजी कागदाचं पाकीट दिलं. “डॉक्टरांशी सगळं बोललोय. तुम्ही असाल ना त्याच्याजवळ?”

“हाय की साहेब. मागल्या टायमालाबी मीच हुतो.”

अनिरुद्धला हे मागल्या टायमाचं काही कळलं नसावं. तो मान हलवून आत गेला.

कोंडीराम मात्र घरी हरखून गेला. गोदाबाईला म्हणाला, “गाठ काढत्यात बघ. गाठ काढायला निघालेत म्हनजे त्याला जगवायचं मनात हाय. उद्या शुद्धीवर आला की घरी घेऊन येतो आन् सांजच्याला इचारतोच साहेबांना. पोती घाल शेडमधी.”

गुरुवारी सकाळी तो किल्लीने दार उघडून आत गेला. दोघं पहाटेच सोनालीच्या माहेरी, सदाशिव पेठेत निघून गेली होती. ओट्यावर झाकलेला वाडगा होता, वर चिठ्ठी, मोठ्या मराठी अक्षरांत: ‘काका, आज त्याला हे सगळं द्या. त्याला आवडतं.’ झाकण काढलं तर चिकन आणि भात, वरून तूप. वास गेला आणि भास्कर मागचे पाय फरफटत ओट्यापर्यंत आला. कोंडीराम हसला. एवढं शिकलेली माणसं, आणि झोपवायच्या दिवशी खायला ठेवतात. त्याने वाडगा उचलून फ्रिजमध्ये ठेवून दिला. भास्कर फ्रिजच्या दाराशी नाक लावून बसला आणि बारीक आवाज काढायला लागला. रात्रीही कोंडीरामने त्याला काही दिलं नव्हतं. “आता न्हाई भास्करराव,” तो म्हणाला, “उठल्यावर देतो. माझी चपाती बी देतो, आख्खी.”

रिक्षात भास्करने चपातीच्या पुडक्याला तीनदा तोंड लावलं. तीनदा कोंडीरामने ते बाजूला केलं.

दवाखान्यात या वेळी तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी कागद वाचला आणि हळू आवाजात विचारलं, “झोपवायचंय. बरोबर ना? तुम्हाला कल्पना आहे ना सगळी?”

“व्हय. काल रातच्यापास्नं पोटात काय न्हाई त्याच्या.”

डॉक्टरीणबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. बहुधा त्यांना वाटलं, आजारी कुत्रं खात नसेल. “आधी गुंगीचं देते, मग दुसरं. त्रास होणार नाही त्याला. तुम्ही डोकं धरा.”

कोंडीरामने भास्करचं डोकं दोन्ही हातांत घेतलं. सुई टोचली तेव्हा भास्करने त्याचा अंगठा चाटला. चपातीचा वास असणार हाताला. “झोप,” कोंडीराम म्हणाला, “मी हितंच हाय भाईर.” डोळे मिटले तसा तो उठला. डॉक्टरीणबाईंनी डोळे पुसले. या पोरी फार हळव्या, असं मनात म्हणत तो बाहेर बाकावर जाऊन बसला.

अर्ध्या तासाने त्या बाहेर आल्या. “काका, तुम्ही अजून बसलात? थांबायची गरज नाही. दुपारी गाडी येऊन घेऊन जाईल.”

“गाडी कशाला? मी रिक्षानं नेतो की. गाठ लई मोठी निघाली का?”

“कसली गाठ?”

“पोटाची. शुद्धीवर आला का त्यो?”

डॉक्टरीणबाई त्याच्या शेजारी बाकावर बसल्या. “काका, साहेबांनी तुम्हाला काय सांगितलं होतं?”

“झोपवायचंय म्हनून.”

“हो. झोपवायचं म्हणजे...” त्या थांबल्या. हे सगळं त्या इंग्रजीत शिकल्या होत्या, आणि तिकडचा तो मऊ शब्द उचलून सगळे मराठीत तसाच वापरत होते. “म्हणजे कायमचं. तो आता उठणार नाही, काका.”

कोंडीराम मांडीवरच्या पुडक्याकडे बघत राहिला. आत कुणाचं तरी मांजर ओरडत होतं.

“मग मारायचंय म्हनायचं हुतं,” तो म्हणाला. “मराठी कळतं मला.”

“मी विचारलं होतं तुम्हाला,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“व्हय. इचारलं हुतं.” माणूस न्यायाचा होता. “पर त्यो उपाशी गेला. मी उपाशी ठिवला त्याला.”

तो आत गेला. भास्कर टेबलावर तसाच होता, अजून ऊन. कोंडीरामने चपातीचा तुकडा मोडला, तोंडाशी नेला आणि मग त्याला स्वतःचीच शरम वाटली. मेलेल्या जनावरापुढे चपाती धरून काय उपयोग? धरायची तेव्हा काढून घेतली तीनदा. त्याने चपाती पुन्हा कागदात गुंडाळली आणि नुसता कानामागे हात फिरवत उभा राहिला. तिथेच गोचिडी लपायच्या नेहमी.

तिथून तो सोसायटीत परत आला, ते वाडग्यासाठी. फ्रिजमधला चिकन-भात त्याने खाली गेटजवळच्या भटक्या कुत्र्यांपुढे टाकला, वर येऊन वाडगा घासला, पुसला आणि ओट्यावर पालथा घातला. चिठ्ठी खिशात घातली. भास्करचा टॉवेल गॅलरीत वाळत होता, तो तसाच राहू दिला.

संध्याकाळी दोघं आली. अनिरुद्धने सोफ्यावर बसून चपला काढल्या आणि पुन्हा घातल्या. मग म्हणाला, “खरं सांगू काका? तुम्हालाच विचारावं, असं दहादा मनात आलं होतं. पण म्हातारं कुत्रं, औषधपाणी, तुमची जागा लहान. तुम्ही नाही म्हणाला नसता, म्हणून तर... तुमच्या गळ्यात कशाला बांधायचं. भीड वाटली.”

कोंडीराम उभाच होता. पत्र्याची शेड, धुतलेली पोती, संभाजीकडच्या चार खेपा, सगळं ओठापर्यंत आलं होतं. ते बोलून आता कुणाचं भलं होणार होतं? अनिरुद्धला आयुष्यभर टोचत राहिलं असतं, एवढंच.

सोनाली स्वयंपाकघरातून पालथा वाडगा हातात घेऊन आली. डोळे सुजलेले. “काका, खाल्लं ना त्याने?”

“व्हय ताई,” कोंडीराम म्हणाला. “समदं खाल्लं. वाडगा चाटून पुसून.”

ती तिथेच खाली बसून रडली, पण जरा समाधानाने रडली. कोंडीरामने किल्ली टेबलावर ठेवली आणि निघाला.

घरी गोदाबाई दारातच उभी होती. तिने त्याच्या मागे रस्त्याकडे बघितलं. मागे कुणी नव्हतं. शेडमध्ये दोन्ही पोती अंथरलेली दिसत होती, शेजारी पाण्याची जर्मनची परात भरून ठेवलेली होती.

“आनला न्हाई व्हय?” तिने विचारलं. “काय झालं?”

कोंडीरामला सांगायचं होतं. वाटभर तो तो शब्द तोंडात घोळवत आला होता, डॉक्टरीणबाईंना सुनावला तो खरा मराठी शब्द. पण दारात आल्यावर तो काही तोंडातून निघेना. निघाला तो दुसराच.

“झोपवला त्याला,” तो म्हणाला.

“बरं झालं. गाठ काढली का?” गोदाबाईने त्याच्या हातातलं पुडकं घेतलं, उघडून बघितलं. चपाती मोडलेली, पण सगळी तिथेच होती. “ही ठिवते झाकून. उद्या उठंल तवा लागंल त्याला.”