शनिवारचा घनश्याम

तव्यावरून नुकत्याच उतरलेल्या बाजरीच्या भाकरीवर तिळाच्या तेलाची धार पडली, की एक खरपूस, जडसा दरवळ उठतो. धुळ्यात शनिवारी सकाळी तो घराघरांतून येतो. तुम्हाला तो सुखद वाटेल, पुष्कळांना वाटतो. मला मात्र तो आला की उठून खिडकी लावून घ्यावीशी वाटते, आणि खिडकी लावण्यापूर्वी चार माणसांना चांगले खडसावावेसे वाटते! आमच्या घरी 'हे' म्हणतात, तुझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो. असेल. पण ज्याच्या मागे शनीची साडेसाती लागली, त्याने शनिवारी काळ्या कुत्र्याला तेल लावलेली भाकरी घालावी, हा रिवाज ज्यांनी पाडला, त्यांनी कुत्र्याचा रंग तेवढा पाहिला. कुत्रा काळाभोर हवा, भाकरी अखंड हवी, तुकडा मोडलेलाही चालत नाही. त्या कुत्र्याला भूक आहे की दुखणे आहे, हे विचारण्याचे कोणाच्या मनातही येत नाही.

घनश्याम मला भेटला तो पांजरपोळात. सासूबाईंच्या तिथीला गाईंना चारा घालायला मी गेले होते. एका कोपऱ्यातल्या गजांपुढे माणसांची रांग दिसली, म्हणून डोकावले. तर आत वासराच्या उंचीचा एक काळा कुत्रा, अंगावर नुसती कातडी, डोळे मात्र विलक्षण शांत. कोणी साहेब विलायतेला परतताना त्याला मागे टाकून गेला होता, आणि त्याच्या खानसाम्याने तो इथे आणून सोडला होता. त्या दिवशी शनिवार होता. लोक भाकरी आत सरकवीत, हात जोडीत आणि हलक्या मनाने चालू लागत. तो भाकऱ्या गिळत होता. थोड्याच वेळाने त्याने मान खाली घातली आणि गिळलेले सारे जसेच्या तसे जमिनीवर आले. त्याने तेच पुन्हा खाल्ले. ते पुन्हा आले. रांगेतल्या एकालाही ते पाहायला थांबावेसे वाटले नाही!

चौकशी केली तेव्हा राखणदार म्हणाला, खादाड आहे. पण गुरांचे सरकारी डॉक्टर एकदा येऊन सांगून गेले होते, की याची अन्ननळी सैल पडली आहे, अन्न पोटात उतरतच नाही. याला पातळ पेज द्यावी, तीही उभा करून, आणि खाल्ल्यावर बराच वेळ तसाच उभा धरून ठेवावा, म्हणजे अन्न आपल्या भाराने खाली जाईल. घन पदार्थ घशात अडकला आणि श्वासाबरोबर फुप्फुसात गेला, तर जीव जायचा. मग असे केले का नाही? तर एवढ्या जनावराला उभे धरणार कोण, आणि पेजच द्यायची म्हटली तर शनिवारच्या लोकांनी काय करायचे! हे उत्तर मी कानांनी ऐकले आहे. जीवदयेसाठी बांधलेल्या त्या जागेत कोणाला मारीत नव्हते, हे खरे; पण न मारणे म्हणजे जगवणे, असे कोणी ठरवले?

मी तिथल्या शेटजींकडे गेले आणि कुत्रा मागितला. पांजरपोळातला जीव बाहेर द्यायचा नाही, अशी त्यांची रीत; पण ओकाऱ्यांच्या वासाने तेही कंटाळले असावेत. शेवटी ते तयार झाले. शनिवारी येणाऱ्यांना मात्र आडकाठी करू नका, एवढे म्हणाले. मी मान हलवली. मनात म्हटले, आधी माझ्या दारात येऊन तर दाखवा.

घरी आल्यावर त्याचे नाव ठेवले घनश्याम. पांजरपोळात त्याला नुसते 'शनी' म्हणत. ज्वारीच्या कण्यांची पेज, वर थोडे ताक. परसातल्या धान्याच्या कोठीवर त्याचे पुढचे पाय ठेवायचे, पातेले तोंडाशी धरायचे, आणि पेज संपली की ते दोन्ही पाय माझ्या खांद्यांवर घेऊन भिंतीला टेकून उभे राहायचे. काय ते वजन! पहिले काही दिवस माझ्या पाठीचे तीनतेरा वाजले. हे शाळेतून आले की हसत, म्हणत, तुमचे नृत्य आटोपले असेल तर चहा मिळेल का? पण हळूहळू तेही पातेले धरू लागले. त्या उभ्या प्रहरात घनश्यामचा ऊन श्वास माझ्या मानेवर येई आणि त्याच्या गळ्यातून अन्न उतरतानाची बारीक गुळगुळ मला ऐकू येई. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ भजने ऐकली. इतके समाधान एकानेही दिले नाही. दिवाळीपर्यंत त्याच्या फासळ्या झाकल्या गेल्या आणि कातडीला तकाकी आली.

आणि तकाकी आली तशी भाकऱ्यांची रांग माझ्या दाराशी लागली. मी साऱ्यांना परत पाठवले. कुस्करून द्या, पेजेत कालवते, असेही सांगून पाहिले; पण मोडलेली भाकर शनीला कशी चालणार! गल्लीत बोभाटा झाला, की मास्तरणीने मुका जीव उपाशी ठेवला आहे, त्याला पाणचट पेजेवर मारते आहे. ही तक्रार पांजरपोळापर्यंत गेली. शेटजी स्वतः आले, आणि त्या गुबगुबीत कुत्र्याकडे पाहत मला भूतदयेवर उपदेश करून गेले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण कुत्रा परत मागितला नाही एवढ्यावर मी गप्प बसले.

शेजारच्या अक्कांना मात्र मला नुसते हाकलता येईना. अक्का मूळच्या सोनगीरकडच्या, विधवा, एकुलत्या एका मुलावर जीव टाकणाऱ्या. बेचाळीसच्या धामधुमीत तो पोरगा तुरुंगात गेला होता, आणि तो तिथे तापाने फणफणला आहे, अशी खबर आली होती. माझ्या बाळंतपणात याच अक्कांनी मला न्हाऊ-माखू घातले होते. त्या दर शनिवारी भाकर घेऊन येत आणि उंबऱ्याशी बसून राहत. मी त्यांना जवळ बसवून समजावले. अक्का, त्याचा घसा असा आहे. अख्खी भाकर गेली, तर तो मरेल. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा सांगितले. त्या निमूटपणे ऐकत, घनश्यामच्या पाठीवरून हात फिरवीत आणि भाकर पदराखाली झाकून परत जात. मला वाटे, पटले म्हातारीला. अज्ञान दूर झाले की माणूस शहाणा होतो, अशी माझी त्या काळी श्रद्धा होती.

माघात बहिणीच्या मुलीच्या बारशाला मी चाळीसगावला गेले. शनिवार होता. सकाळची पेज मी पाजून गेले होते, संध्याकाळची हे पाजणार होते. मी परतले तेव्हा घनश्याम परसात मान लांब करून पडला होता आणि त्याच्या छातीत घरघर लागली होती. पायाशी तेलाचे डाग होते. डॉक्टर आले, त्यांनी छातीला कान लावला आणि मान हलवली. मी त्याला उठवून खांद्यावर घ्यायला पाहिले. त्यानेही सवयीने पाय उचलले; पण ते माझ्या गुडघ्यांपर्यंतच आले. सोमवारी तो गेला.

पुढल्या आठवड्यात अक्कांचा मुलगा सुटून घरी आला. आजारी म्हणून सोडला असेल. तेव्हा असे पुष्कळ सुटत होते. पण गल्लीने निकाल देऊन टाकला: कुत्र्याने त्याची पीडा आपल्या अंगावर घेतली. घनश्यामला पुरले होते तिथे कोणी तेल ओतले, कोणी फुले टाकली. जिवंतपणी ज्याला घोटभर पेज धरायला एक हात पुढे आला नाही, त्याच्यापुढे आता माणसे डोके टेकू लागली! मी केरसुणी घेऊन ती फुले झाडून काढली. लोकांनी मला पाषाणहृदयी म्हटले.

अक्का पेढे घेऊन आल्या. माझा संयम सुटला. मी म्हटले, "अक्का, तुमच्या भाकरीने माझ्या घनश्यामचा जीव घेतला."

त्या रडतील, कानांवर हात ठेवतील, असे मला वाटले होते. त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिले.

"माले ठाऊक व्हतं, माय. तूच तर सांगेल व्हतं. एक जीव गया, एक जीव घर वना."

एक जीव गेला, एक घरी आला! अख्ख्या भाकरीने तो मरेल, हे मी त्यांना इतके नीट समजावले होते! मी कोणावर रागवावे, सांगा? त्या रांगेतल्या लोकांवर रागावणे सोपे होते. त्यांना काही माहीत नव्हते. या बाईला सारे माहीत होते. तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवला होता, तो याचा जीव आपल्याच हातून जाणार आहे, हे जाणून. आईचे काळीज म्हणून मी तिला क्षमा करावी, असे हे म्हणतात. मला नाही करता येत. करायचीच असेल तर ती घनश्यामने करावी. आणि त्याला कोणी विचारले नाही.

पेढे मी घेतले नाहीत. तो मुलगा आता पेठेत दुकान चालवतो. चांगला आहे, रस्त्यात भेटला की वाकून नमस्कार करतो, आपल्या लेकराला माझ्या पायांवर घालतो. मी तोंड भरून आशीर्वाद देते. ते पोर गोरेगोमटे, हसरे आहे. त्याला उचलून खांद्यावर घेतले, की त्याचा ऊन श्वास मानेवर येतो. आणि मी त्याला लगेच त्याच्या बापाकडे परत देते.