सव्वीस जांभया

माझ्या मावशीला मूलबाळ नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या मंडळीतले लोक ते इतक्या हळू आवाजात सांगतात की दोन दारं पलीकडे ऐकू जातं. मूल नसूनही चर्चच्या मागच्या खोलीतलं पुस्तकांचं कपाट तिच्याच ताब्यात आहे. मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवायचं ठरवलेली चौदा कुटुंबं आमच्याकडे आहेत, आणि त्यातलं एकही मावशीला विचारल्याशिवाय साधी पेन्सिल घेत नाही. अभ्यासक्रम कोणता घ्यायचा, प्रार्थनेचा धडा आधी की पाढे आधी, आईने शिकवावं की बापाने, सगळं तीच ठरवते. माझी आई, म्हणजे तिची सख्खी बहीण, याला उंटावरून शेळ्या हाकणं म्हणते. आईला आम्ही तिघं झालो आणि तिघांनाही शिस्त नाही, त्यामुळे तिच्या मताला मी फारशी किंमत देत नाही.

मी दर शनिवारी तिथे रजिस्टर लिहायला बसते. कुटुंब, मुलं, वय, इयत्ता, काय नेलं, असे पाच रकाने. मुलं कशी वाढवावीत याची पुस्तकं मावशी औषधासारखी देते. हे जाडं पुस्तक रोज दोन पानं, जेवणानंतर. हे पातळ रागाच्या वेळी. आणि कुठलंच मुलांसमोर वाचू नका, मुलं पुढची प्रकरणं आधी वाचून ठेवतात. नवं पुस्तक आलं की ती थेट शेवटचं प्रकरण उघडते. तिचं म्हणणं, पहिल्या प्रकरणात लेखकही शहाणा असतो आणि मूलही, तीनशे पानांनंतर दोघांचं काय झालं ते बघावं.

अभ्यासक्रमाची परीक्षा मात्र वेगळी. कुठलाही नवा आला की मावशी नमुना म्हणून त्याचा चौथीचा संच मागवते आणि सात दिवस काकांना शिकवते. काका म्हणजे तिचे यजमान. वय सदुसष्ट, कोपऱ्यावर कुलूप-किल्ल्यांचं दुकान. चौथीचाच संच का, तर काकांची शाळा चौथीच्या दुसऱ्याच आठवड्यात सुटली. वडील अंथरुणाला खिळले आणि यांना दुकानात बसवलं. म्हणजे चौथीचं सगळं त्यांना कोऱ्या मुलासारखं नवं. शिवाय त्यांना कंटाळा लपवता येत नाही. पाळकसाहेबांच्या प्रवचनातही ते तोंडभर जांभई देतात, आणि पाळकसाहेबांनी ते आता देवावर सोपवलंय. रोज सकाळी साडेसातला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी धडा व्हायचा आणि मावशी वहीत जांभया मांडायची. आठवड्यात दहाच्या आत आल्या तर संच पास. चौदाही कुटुंबं ‘किती जांभया?’ एवढंच विचारून डोळे मिटून संच न्यायची.

अशा रीतीने काकांनी सतरा वेळा चौथी सुरू केली. सतरा वेळा जग निर्माण झालं, सतरा वेळा प्राणी तारवात चढले, आणि सातवा धडा संपला की संच गुंडाळून कपाटात गेला. तारवाचं पुढे काय झालं ते काकांना चर्चमुळे ठाऊक आहे. भागाकाराचं पुढे काय होतं ते ठाऊक नव्हतं, कारण बघावं त्या संचात भागाकार नवव्या धड्यात. एकदा माझ्यादेखत त्यांनी विचारलं, की या वेळी दोन दिवस जास्त ठेवता येईल का. मावशी हसली. “तुम्हाला या वयात भागाकार कशाला? किल्ल्या काय भागून द्यायच्यात?” वाईट मनाने नाही म्हणाली. दोरी बांधता बांधता म्हणाली आणि विसरून गेली. काका विसरले नाहीत. मी त्यांचा चेहरा पाहिला होता, मला मावशीचा रागही आला होता, आणि तरी मी मूग गिळून बसले. याची लाज मला अजून वाटते.

अठरावा संच निळ्या खोक्यात आला. त्याच्यावर बेकरीवालीचा डोळा होता. बेकरीवालीला चार मुलं, आणि तोवर तिचे तीन संच वाया गेले होते. एक मुलांना फार सोपा, एक तिला स्वतःला फार अवघड, आणि एक कुत्र्याने खाल्ला. निळा संच तिच्या बहिणीकडे छान चालला होता, मावशीलाही मनापासून आवडला होता. पण काकांनी पहिल्याच दिवशी नऊ जांभया दिल्या. पाचव्या दिवशी मी टेबलाशी होते. काका जबडा निखळेल असं तोंड उघडत होते, पण जांभई देताना माणसाचे डोळे मिटतात आणि यांचे डोळे पुढची ओळ वाचत होते. वयामुळे तसं होत असेल, असं मी मनाशी म्हटलं. आठवड्याची बेरीज सव्वीस. इतक्या जांभया आजवर कोणी, खुद्द पाळकसाहेबांनीसुद्धा, मिळवल्या नव्हत्या. मावशीने जड हाताने ‘नापास’ लिहिलं आणि परत पाठवायचा म्हणून संच कपाटात कुलूपबंद केला.

पुढच्या शनिवारी बेकरीवाली हटूनच बसली. माझी मुलं काकांपेक्षा सोशिक आहेत, निदान बघू तरी द्या, म्हणाली. मावशीने गळ्यातल्या किल्लीने कपाट उघडलं. कुलूप शाबूत, खोकं जागेवर, दोरीची गाठही तशीच. खोकं उघडलं तर आत एकही पुस्तक नाही. वजनासाठी तीन जुनी, गंजलेली कुलपं ठेवलेली. चर्चच्या फाटकापासून त्या कपाटापर्यंत सगळी कुलपं काकांनीच बसवलेली, आणि चोरीच्या जागी त्यांनी जवळजवळ आपल्या दुकानाची पाटीच ठेवली होती. मावशी तडक दुकानाकडे निघाली. मागे मी, माझ्यामागे बेकरीवाली.

काका काउंटरच्या मागे होते. समोर निळं पुस्तक उघडं, नववा धडा. भिंतीवरच्या पाच खिळ्यांना त्यांनी प्रत्येकी चार किल्ल्या अडकवल्या होत्या आणि उरलेल्या तीन हातात घेऊन ते त्यांच्याकडे बघत होते. आम्ही तिघी दारात उभ्या, पण ते दचकले नाहीत. बऱ्याच दिवसांनी हवं ते सापडलेल्या माणसासारखे खुशीत होते.

“तेवीस किल्ल्या, पाच खिळे,” ते मावशीला म्हणाले. “तीन उरतात. आणि इथं लिहिलंय, उरलं तरी चालतं. त्याला बाकी म्हणतात.”

“मग?” मावशी म्हणाली. राग अजून उतरला नव्हता.

“शाळेच्या शेवटच्या दिवशी माझे असेच तीन उरले होते. मला वाटलं, गणित चुकलं. गुरुजींना वही दाखवलीच नाही. दुसऱ्या दिवसापासून दुकानात. सत्तावन्न वर्षं मला वाटतंय की मी चुकलो होतो.”

मला रडू आलं. बेकरीवालीला माझ्या आधी आलं, पण तिला प्रवचनातही येतं. मावशी गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसली. जिने सगळ्या मंडळीला ‘मूल काय लपवतंय ते बघा’ म्हणून पुस्तकं वाटली, तिच्या घरात सतरा आठवडे एक मूल नवव्या धड्याची वाट बघत बसलं होतं, आणि ती जांभया मोजत होती. हे तिला कोणी सांगायची गरज पडली नाही. तोंडावरून दिसत होतं. आईला मी संध्याकाळी हकिगत सांगितली तेव्हा ती ‘दिव्याखाली अंधार’ म्हणाली, आणि तेव्हा मात्र मला तिचा फार राग आला.

मग मावशीने विचारलं, “आणि त्या जांभया?”

“खोट्या. नापास झाला तर कोणी नेणार नाही, म्हणून.”

“सव्वीसच्या सव्वीस?”

काकांनी प्रामाणिकपणे विचार केला. “चोवीस. दोन खऱ्या होत्या. ती प्राण्यांची यादी फारच लांब आहे.”

मावशी उठली आणि बेकरीवालीकडे वळली. संच पास आहे, म्हणाली, दोन जांभया. तुमच्यासाठी आजच नवा मागवते, हा मात्र मिळायचा नाही, हा एका कुटुंबात लागलाय. मग चर्चच्या खोलीत परत आल्यावर तिने मला रजिस्टर उघडायला लावलं आणि एकेक रकाना सांगितला. कुटुंब, आमचं. मुलं, एक. वय, सदुसष्ट. इयत्ता, चौथी. माझी जीभ एरवी गप्प बसणारी नाही, पण त्या दिवशी मी मुकाट्याने लिहिलं, आणि चांगल्या अक्षरात लिहिलं.

सोमवारी सकाळी साडेसातला मी मुद्दाम तिच्याकडे गेले. काका दाढी करून, धुतलेला शर्ट घालून टेबलाशी बसले होते. दुकान दहाला उघडेल अशी पाटी त्यांनी लावून टाकली होती. मावशीने सवयीने जांभयांची वही काढली, तिच्याकडे जरा वेळ बघितलं आणि खणात परत टाकली. मग तिने निळं पुस्तक उघडलं आणि थेट नवव्या धड्यावर आली.

“हा मला येतो आता,” काका म्हणाले. “तरी तू शिकव.”