लाखेखालची तार

कोपरीच्या कुंडलिकचा कान म्हणजे काय चीज होती, ते ठाणे-डोंबिवलीच्या हौशी मंडळींना विचारा. दिवसा कारखान्यात मीटर दुरुस्त करायचा आणि सुट्टीला हेडफोनचे अँप्लिफायर बनवायचा. त्यातला आठ पायांचा काळा आयसी बदलला की आवाज बदलतो, यावर त्याचा एकविरा आईइतकाच विश्वास. ४५५८ नंबरचा लावा, आवाज ओल्या गोधडीतून आल्यासारखा. ५५३२ लावा, एकदम लख्ख! ज्याला हा फरक कळत नाही, त्याची मग काही धडगत नसे.

शिवाय गडी महासंशयी. आपलं सर्किट कोणी ढापू नये म्हणून आयसीवरचे नंबर बारीक कानशीनं खरवडून टाकायचा आणि बोर्डाच्या पाठीवर वितळलेली लाख ओतायचा. बायको शेवंती बाजारात मासळी विकायची. ती म्हणायची, "आमी कल्ला उघडून दाखवल्याबिगर मासा इकत नाय, आन् तुमचा सगला धंदा झाकलेला!" कुंडलिक नुसता हसायचा.

ब्याण्णव साली त्यानं एक खास डबा बनवला. आत दोन आयसी, बाहेर एक स्विच. वर केला की ४५५८, खाली केला की ५५३२. आवाज बदलतो की नाही हा वाद कायमचा मिटवायचा म्हणून डबा घेऊन तो डोंबिवलीला त्र्यंबककाकांकडे गेला. काकांनी चाळीस वर्षं हार्मोनियमचे सूर लावले होते. कोपरी कोळीवाड्याच्या भजनी मंडळाची पेटीसुद्धा त्यांच्याकडेच जायची, तिथूनच ही ओळख.

त्या दुपारी काकांच्या घरी आणखी चार हौशी जमले होते. चौघांनी हेडफोन लावला, स्विच खालीवर केला आणि "वा! काय फरक आहे!" म्हणून माना डोलावल्या. शेवटी काकांनी लावला. डोळे मिटून तीनदा स्विच फिरवला आणि शांतपणे म्हणाले, "कुंडलिक, दोन्ही अगदी एकच आहेत रे."

झालं! कुंडलिकचं डोकं फिरलं. "काका, तुमचे कान गेले! कान गेलेल्या माणसानं पेटी उघडू नये."

खोलीत हशा पिकला. काकांनी हेडफोन अलगद खाली ठेवला. त्यानंतर ते कधी कोपरीला आले नाहीत, मंडळाची पेटीही न लावता परत आली, आणि म्हातारा रुसला असेल म्हणून कुंडलिकनंही चौकशी केली नाही. साधी चौकशी हो! एवढं काय जड होतं?

दोन वर्षं गेली. एका रविवारी सकाळी डब्याचा स्विच खरखरायला लागला. कुंडलिकनं तापलेल्या सोल्डरिंग आयर्ननं लाख मऊ केली, खरवडून काढली आणि तो जागच्या जागी थिजला.

"आई एकविरे!"

लाखेखाली बोटभर आखूड तार होती. नव्या बोर्डाची पहिली चाचणी घेताना तो नेहमी अशी तार टाकायचा. त्या तारेनं स्विचची दोन्ही टोकं एक व्हायची, म्हणजे स्विच कुठेही असला तरी पहिलाच आयसी वाजायचा. तो नीट वाजला की तार काढायची आणि मग दुसरा जोडायचा, ही पद्धत. त्या दिवशी डोंबिवली गाठायच्या घाईत तार तशीच राहिली होती आणि वर लाख ओतली गेली होती. दुसऱ्या आयसीची वायर कोरी, अधांतरी. ५५३२ त्या डब्यात एक क्षणही वाजला नव्हता! दोन वर्षं तो त्याच ओल्या गोधडीला लख्ख म्हणत आला होता.

शेवंतीनं तोंडावर हात ठेवला. "म्हंजे काका खरा बोलत व्हता?"

कुंडलिकनं बोर्ड पिशवीत कोंबला, वर हत्यारांची पुडी टाकली आणि तडक डोंबिवली गाठली. दार काकांच्या बायकोनं, उत्तराकाकूंनी उघडलं. खिडकीशी काकांचं कामाचं टेबल असायचं, तिथे आता कुंड्या होत्या.

"पेट्या कुठे गेल्या, काकू?"

"तुला माहीत नाही?" काकू त्याच्याकडे बघतच राहिल्या. "अरे, त्या दिवसापासून हात लावला नाही त्यांनी. येईल त्याला सांगायचे, माझे कान गेले. हत्यारंसुद्धा देऊन टाकली."

आपण एक वाक्य फेकलं आणि ह्या माणसानं चाळीस वर्षांचं काम सोडलं? तो खाटेवर बसलेल्या काकांसमोर खालीच बसला, बोर्ड त्यांच्या मांडीवर ठेवला आणि ती तार बोटानं दाखवत सगळं सांगितलं. "काका, कान माझे गेलेले. तुमचे नाय."

काकांनी तारेवरून बोट फिरवलं. "म्हणजे मला बरोबर ऐकू येत होतं?" मग त्यांचा आवाज चढला. "दोन वर्षं, कुंडलिक! दोन वर्षं मी उत्तराचं गाणं बेसूर लागलं तरी म्हणायचो, माझाच कान खोटा!"



काकांनी खाटेखालून घरची पेटी ओढली, धूळ पुसली आणि एक पट्टी दाबून धरली. "पंचमाच्या पट्टीखालचे दोन सूर भांडतायत. उत्तरा, माझी कानस..." आणि ते एकदम थांबले. कानस कुठली?

कुंडलिकनं पुडीतून आपली बारीक कानस काढली, नंबर खरवडायची तीच, आणि त्यांच्या हातावर ठेवली. काकांनी पेटी उघडली, सुराच्या पितळी पातीवर कानस दोनदा हलकेच फिरवली, पेटी बंद केली आणि तीच पट्टी पुन्हा दाबली.

"आता? कळला फरक?"

कुंडलिकनं कान पेटीला टेकवला. आयुष्यात या प्रश्नाला त्यानं कधी नाही म्हटलं नव्हतं. "नाय काका," तो म्हणाला, "मला दोन्ही एकच वाटले."

काका हसले नाहीत. "बस इथे," ते म्हणाले, "आता शिकशील."